भिंत परक्याची, घर आपले
(धार-देवासच्या प्रवासातील काही विचार)

माळव्याच्या पठारावरील धार आणि देवास ही दोन नावे मराठी माणसाला परकी नाहीत. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात मराठी फौजा नर्मदा ओलांडून उत्तरेस गेल्या, तेव्हा पवार घराण्याची एक शाखा धारला आणि दुसरी देवासला स्थिरावली. पेशवा दुसरा बाजीराव याचा जन्म १७७५ साली धारच्याच किल्ल्यात झाला. देवासची कथा तर अधिकच मनोरंजक आहे. तुकोजी व जिवाजी या दोघा भावांनी एकाच गावात दोन राज्ये थाटली. एकाला थोरली पाती म्हणत, दुसऱ्याला धाकटी पाती. चामुंडेची टेकडी तेवढी दोघांच्या डोक्यावर सारखीच उभी. १९४८ साली ही सर्व संस्थाने मध्य भारतात विलीन झाली व १९५६ साली तो मुलूख मध्य प्रदेशात आला.

त्या काळी मराठी माणूस या प्रदेशात घोड्यावरून गेला. आज तो आगगाडीने जातो व कारखान्याच्या फाटकाशी उतरतो. देवासला १९७० च्या दशकात नोटांचा सरकारी छापखाना सुरू झाला आणि त्याच्या आगेमागे इतर अनेक कारखाने उभे राहिले. धार जिल्ह्यातील पिथमपूर हे तर १९८० नंतर मोटारगाड्यांच्या व यंत्रांच्या कारखान्यांनी गजबजून गेलेले गाव. आपल्या खेड्यांतील कितीतरी तरुण तंत्रशाळेचा दाखला हाती येताच तिकडे रवाना होतात. पुढे लग्न होते, सून तिकडे जाते, नातवंडे तिकडेच बोलू लागतात, आणि येथे आजीच्या हाती राहते ती केवळ टेलिफोनवरील बातमी.

अशाच काही कुटुंबांची विचारपूस करावी म्हणून गेल्या वर्षी पावसाळा सरत असताना मी आठ दिवस त्या बाजूस गेलो होतो. इंदूर मध्ये धरले, तर देवास ईशान्येस सुमारे ३५ किलोमीटर आणि धार पश्चिमेस सुमारे ६५ किलोमीटर. पिथमपूर धारच्या वाटेवर, थोडे दक्षिणेस. काळी कसदार जमीन, तीवर सोयाबीनची पिवळट पडू लागलेली शेते, आणि क्षितिजापर्यंत पसरलेले मोकळे आभाळ. कोकणपट्टीच्या माणसाला तो विस्तार पाहून प्रथम थोडे एकाकीच वाटते. परंतु आज मला लिहावयाचे आहे ते शेतांविषयी वा आभाळाविषयी नव्हे. लिहावयाचे आहे ते भिंतींविषयी.

बंद ट्रंक आणि फुटलेला गिलावा

पिथमपुरात एका जोडप्याच्या दोन खोल्यांत मी गेलो. घर स्वच्छ, भांडी लखलखीत, आदरातिथ्यात काही उणे नाही. पण चारही भिंती अगदी कोऱ्या होत्या. दवाखान्याच्या खोलीत बसल्यासारखे वाटले. बोलता बोलता त्या गृहिणीने पलंगाखालची पत्र्याची ट्रंक ओढली. तीत लग्नाची तसबीर, आईवडिलांचे छायाचित्र, आणि माहेराहून निघताना आजीने दिलेला क्रूस, हे सारे जुन्या लुगड्यात गुंडाळून ठेवलेले होते. "तीन वर्षे झाली, फादर," ती म्हणाली, "मालक म्हणाले, एकही खिळा ठोकायचा नाही. मग काढलंच नाही काही." तिच्या लहान मुलीने आपल्या पणजीचा चेहरा त्या दिवशी माझ्यासमवेतच प्रथम नीट पाहिला.

देवासला याच्या नेमके उलट दृश्य. एका तरुणाने हौसेने घर मांडले होते. फळी, घड्याळ, दिव्यांची माळ, मुलाच्या वाढदिवसाचे कागदी झुंबर, सारे काही भिंतीवर. परंतु प्रत्येक खिळ्याभोवती गिलाव्याचा रुपयाएवढा पोपडा उडालेला, आणि जेथे चिकटपट्टी ओढून काढली तेथे रंगाची सालपटे निघालेली. पहिले घर सोडताना त्याची अनामत रक्कम बहुतांशी कापली गेली होती व त्याबद्दल तो मालकावर अद्याप रागावलेला होता. या दुसऱ्या घरातही तेच घडणार, हे भिंतीच सांगत होत्या.

वाचक बंधुभगिनींनो, या दोन घरांपैकी कोणते बरोबर? माझ्या मते दोन्ही चुकतात. एक कुटुंब दुसऱ्याच्या भिंतीला इजा करते आणि दुसरे इजा होईल या धास्तीने स्वतःचे घर आगगाडीच्या प्रतीक्षालयासारखे करून टाकते. अकरा महिन्यांचा करार असला, तरी अकरा महिने म्हणजे लेकराच्या आयुष्यातील केवढा मोठा काळ! त्या काळात त्याने काय पाहावे, कोणाचे चेहरे ओळखावे, हा प्रश्न किरकोळ नाही. भिंत परक्याची असली तरी तिच्या आत नांदणारे घर आपलेच असते. मग परक्याच्या भिंतीला धक्का न लावता आपले घर सजवावे कसे? मौज अशी की, या प्रश्नाची उत्तरे त्याच धार-देवासच्या मुलखात जागोजाग लिहून ठेवलेली आहेत.

संजाची भिंत

मी गेलो तेव्हा पितृपंधरवडा चालू होता. माळव्यात या दिवसांत कुमारिका संजा मांडतात. भाद्रपद पौर्णिमेपासून अमावास्येपर्यंत रोज सायंकाळी घराच्या दर्शनी भिंतीवर शेणाने आकृती काढावयाच्या, त्यांवर कण्हेर, गुलबक्षी, झेंडू अशा फुलांच्या पाकळ्या चिकटवावयाच्या, गाणी म्हणावयाची आणि प्रसाद वाटावयाचा, असा हा मुलींचा खेळ व व्रत. तिथीप्रमाणे आकृती बदलते. चतुर्थीला चौपड, पंचमीला पाच कुमार, सप्तमीला सातिया म्हणजे स्वस्तिक, अष्टमीला आठ पाकळ्यांचे फूल, असे करीत शेवटी किलाकोट नावाचा मोठा तट रचतात, आणि त्या तटाच्या आत चंद्र-सूर्यासह साऱ्या आकृती येऊन बसतात. खानदेश-विदर्भातील भुलाबाई किंवा गुलाबाई आपणांपैकी काहींना ठाऊक असेल. ही तिचीच माळव्यातील बहीण म्हणावयास हरकत नाही.

या चालीचा धार्मिक भाग ज्यांचा त्यांना. मला महत्त्वाचे वाटले ते तिचे शेवटचे पाऊल. अमावास्या झाली की, मुली ती सारी सजावट भिंतीवरून उतरवितात व नदीत किंवा तळ्यात सोडून देतात. भिंत पुन्हा सारवली वा पुसली की झाली पूर्ववत. सोळा दिवस भिंत बोलत होती. सतराव्या दिवशी ती मोकळी. शेण वाळले की आपोआप सुटते, पाकळ्या कोमेजून गळतात, भिंतीत काहीही रुतलेले नसते. आता शहरातील रंगीत भिंतींवर शेण लावणे शक्य नसते, म्हणून इंदूर-उज्जैनकडे कागदावर छापलेली संजा विकत मिळते, किंवा मुली पुठ्ठ्यावर व पाटावर ती मांडतात. चाल मोडली नाही, भिंतही बिघडली नाही.

ज्या मुलींना एक दिवस हे घर सोडून सासरी जावयाचे आहे, त्यांनीच ही कला जतन करावी, यात मला मोठा अर्थ दिसला. जी सजावट उतरवावयाची आहे हे मांडतानाच ठाऊक असते, ती मांडण्याची रीतच निराळी असते. आपल्या शेजारच्या डहाणू-जव्हार भागातील वारली बंधूंचीही रीत अशीच. गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाचा चौक लग्नापुरता लिहावयाचा. पुढे सारवण आले की तो गेला.

बाघची लेणी

याच्या उलट उदाहरण पाहावयाचे तर धारहून नैऋत्येस सुमारे ९५ किलोमीटरवर असलेल्या बाघ गावी जावे. बाघिनी नदीच्या काठच्या डोंगरात बौद्ध भिक्षूंची नऊ लेणी आहेत. त्यांचा काळ साधारण पाचव्या-सहाव्या शतकाच्या आसपासचा. तेथील चौथ्या लेण्याला लोक रंगमहाल म्हणतात. दगडावर प्रथम तांबूस मातीचा जाड गिलावा, त्यावर चुन्याचा हात, आणि त्यावर रंग, अशा रीतीने कलावंतांनी तेथे मिरवणुका, नृत्य, शोक करणाऱ्या स्त्रिया असे प्रसंग रंगविले. अजिंठ्याच्या चित्रांशी या चित्रांचे नाते जाणकार सांगतात. महाराज सुबंधू याने या विहाराच्या दुरुस्तीसाठी दान दिल्याचा ताम्रपट तेथेच दुसऱ्या लेण्यात सापडला. म्हणजे भिंत राखण्यासाठी खर्च करावा लागतो, हे तेव्हाच्या राजालाही उमगले होते.

परंतु बाघचा दगड ठिसूळ. पाणी झिरपले, छते ढासळली, धुराने व वटवाघळांनी चित्रे काळवंडली. १९२१ साली ग्वाल्हेर दरबारच्या पुढाकाराने नंदलाल बोस, असितकुमार हालदार आणि सुरेंद्रनाथ कर या चित्रकारांनी तेथे राहून चित्रांच्या प्रतिकृती केल्या. अखेर १९८२ पासून उरलेसुरले चित्रांचे भाग मोठ्या सावधगिरीने गिलाव्यासकट भिंतीवरून सोडविण्यात आले, आणि ते ग्वाल्हेरच्या संग्रहालयात नेऊन ठेवले. आज लेण्यांत गेले तर जेथे एकेकाळी रंग नांदले तेथे उघडा, खडबडीत दगड दिसतो.

भिक्षूंना दोष देण्याचा येथे हेतू नाही. त्यांनी काढलेली चित्रे जगाचे वैभव आहे. सांगावयाचे एवढेच की, जे भिंतीशी एकजीव झाले ते भिंतीबरोबरच जगते आणि भिंतीबरोबरच मरते. ते वेगळे करावयाचे म्हटले की, भिंतीची कातडी सोलावी लागते. तज्ज्ञांच्या हातीही ते काम इतके कठीण. मग हातोडी आणि पक्कड घेऊन घर सोडण्याच्या आदल्या रात्री आपण ते करू लागलो, तर गिलाव्याचे काय होणार?

भिंतीवर कायमचे काही करावयाचे असेल, तर आधी भिंत तयार करावी लागते, हेही या मुलखाला पूर्वीपासून ठाऊक आहे. धार ही अकराव्या शतकात भोजराजाची राजधानी होती. त्याच्या नावावर असलेल्या समरांगणसूत्रधार या वास्तुशास्त्रावरील ग्रंथात चित्रकलेचाही विचार आहे, आणि तेथे रंगाच्या आधी भूमिबंधन, म्हणजे ज्यावर चित्र काढावयाचे तो पृष्ठभाग सिद्ध करणे, यावर भर दिला आहे. हा अधिकार अर्थातच भिंतीच्या धन्याचा. भाडेकऱ्याला तो नाही.

आणि जी भिंत कोणा एकाची नसून सर्वांची आहे, तिच्यावर तर कोणालाच हा अधिकार नाही. धारहून मांडवगडला गेलो, तेव्हा तेथील पडक्या महालांच्या भिंतींवर सहलीच्या मुलांनी खिळ्याने कोरलेली नावे पाहून मन विषण्ण झाले. प्राचीन वास्तूंचे संरक्षण करणाऱ्या १९५८ च्या कायद्यात २०१० साली दुरुस्ती झाली. तेव्हापासून अशा विद्रूपीकरणास दोन वर्षांपर्यंत कारावास, किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. आपल्या मुलांच्या सहली निघण्यापूर्वी पालकांनी व शिक्षकांनी हे त्यांच्या कानी घालावे.

भिंतीवरून कागदावर, कापडावर

बाघ गावाची आणखी एक कीर्ती आहे, आणि तीच आपल्या प्रश्नाचे उत्तर आहे. ती म्हणजे तेथील ठशांचे छापील कापड. मूळचे सिंधमधील खत्री कारागीर राजस्थानमार्गे या भागात आले. लाकडी ठशांनी ते सुती कापडावर वेलबुट्टी उठवितात. लाल रंगासाठी तुरटी, काळ्यासाठी लोखंडाचा गंज व गूळ. मग वाहत्या पाण्यात धुणे आणि धावड्याची फुले घालून तांब्याच्या भांड्यात उकळणे. एकाच गावात भिंतीवरची चित्रे झडून गेली, आणि कापडावरची वेलबुट्टी धुतल्यानेच अधिक खुलत गेली! कापडाची घडी होते, ते ट्रंकेत मावते, बदलीच्या गावी बरोबर येते. एक चादर खोलीतील मोठ्या भिंतीपुढे सोडली, तर खोलीचा चेहरामोहरा पालटतो व भिंतीला एक ओरखडाही उठत नाही.

अशीच दुसरी गोष्ट भुरीबाईंची. धारला लागून असलेल्या झाबुआ जिल्ह्यातील पिटोल या गावच्या त्या भिल्ल भगिनी. त्या समाजात घराच्या भिंतीवर नवसाचा पिठोरा काढण्याची परंपरा आहे. भोपाळला भारत भवनाचे बांधकाम चालू असताना भुरीबाई तेथे मजुरीस गेल्या होत्या. चित्रकार जगदीश स्वामीनाथन यांनी त्यांना चित्रे काढण्यास सांगितले, आणि ज्या आकृती गावच्या मातीच्या भिंतीवर उमटत त्या कागदावर उमटल्या. २०२१ साली भुरीबाईंना पद्मश्री मिळाली. गाव सुटले, मातीची भिंत सुटली, परंतु चित्र सुटले नाही. त्याने फक्त आपली बैठक बदलली. स्थलांतरित माणसाने यातून धीर घ्यावा.

जुन्या वाड्यांचे शहाणपण

धार व देवास येथील जुन्या मराठी वस्तीतून फिरताना एक गोष्ट ध्यानात येते. जुन्या घरबांधणीत खिळे ठोकण्याची वेळच येऊ दिली जात नसे. भिंत रचतानाच तीत कोनाडे ठेवीत, लाकडी खुंट्या बसवीत, फडताळ कोरीत, आणि वर तुळयांना कड्या अडकवीत. दिवा कोनाड्यात, पगडी खुंटीवर, ग्रंथ फडताळात, पाळणा कडीला. घरात कोणीही येऊन राहिले, तरी भिंतीला हात लावण्याची त्याला गरज नाही. आजच्या इमारतींतील खोल्या सपाट आणि कोऱ्या. तेथे मालक भाडेकऱ्यावर रागावतो. परंतु बांधतानाच चार हूक आणि एक लाकडी पट्टी बसविली असती, तर निम्मी भांडणे टळली असती. आपल्या गावांतही आता पुष्कळ कुटुंबे मागील दारी दोन खोल्या बांधून भाड्याने देतात. त्यांनी ही गोष्ट अवश्य लक्षात घ्यावी. प्रत्येक खोलीत छताखाली वीतभर अंतरावर एक लांब लाकडी पट्टी बसवून द्यावी. भाडेकरू तिला दोरी बांधून हव्या तितक्या तसबिरी सोडील आणि तुमची भिंत शाबूत राहील.

हवामानाचाही विचार करावा लागतो. ई. एम. फॉर्स्टर हा इंग्रज लेखक १९२१ साली देवासच्या थोरल्या पातीच्या तुकोजीराव महाराजांचा खाजगी चिटणीस होता. १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या 'द हिल ऑफ देवी' या पुस्तकात त्याने तेथील राजवाड्याचे वर्णन केले आहे. विलायती पियानो हौसेने आणलेले, नवे कोरे. पण कोरड्या हवेने त्यांच्या चौकटी तडकल्या व ते वाजेनासे झाले! माळव्याचा उन्हाळा कोरडा, पावसाळा दमट. कोकणात दमटपणा तर बारमाही. अशा हवेत स्वस्त लाकडी चौकटी पिळतात, कागद फुगतो, डिंक सुटतो. कापड, माती, बांबू व पत्रा यांच्या वस्तू अधिक टिकतात.

कायदा काय सांगतो

मालमत्ता हस्तांतरणाचा १८८२ चा कायदा आजही लागू आहे. त्याच्या १०८ व्या कलमाचा आशय असा की, करारात वेगळे काही ठरले नसेल, तर भाडेकऱ्याने जागा जशी मिळाली तशी सुस्थितीत राखून परत द्यावी; मात्र वाजवी वापराने होणारी झीज त्याच्या माथी मारता येत नाही. म्हणजे चार वर्षांत रंग फिका झाला, तर तो भाडेकऱ्याचा अपराध नव्हे. गिलावा फोडला, तर तो आहे.

केंद्रीय मंत्रिमंडळाने २ जून २०२१ रोजी भाडेकरारासंबंधी एका नमुना कायद्यास मंजुरी दिली. राज्यांनी तो स्वीकारावा वा त्याप्रमाणे आपले कायदे सुधारावेत, अशी अपेक्षा आहे. त्यात राहत्या घरासाठी अनामत रक्कम दोन महिन्यांच्या भाड्याहून अधिक नसावी असे म्हटले आहे, आणि भिंतींना सफेदी देणे व दारेखिडक्या रंगविणे ही कामे सामान्यतः मालकाकडे सोपविली आहेत. आपल्या राज्यात काय लागू आहे हे करार करताना विचारून घ्यावे. सर्वांत उत्तम म्हणजे, जागेचा ताबा घेण्याच्या दिवशीच प्रत्येक भिंतीचे छायाचित्र मालकाच्या समक्ष काढून ठेवावे आणि किती खिळे, कोठे, हे करारात लिहून घ्यावे. पुष्कळ मालक विचारल्यावर परवानगी देतात. न विचारता ठोकलेला खिळा मात्र त्यांच्या मनात ठोकला जातो.

हाताशी असलेले उपाय

आता थोडे व्यावहारिक. प्रथम भिंतीची परीक्षा करावी. तळहात भिंतीवरून फिरवावा. हाताला पांढरी भुकटी लागली, तर ती चुन्याची सफेदी वा हलके डिस्टेंपर आहे. अशा भिंतीवर कोणतीही चिकटपट्टी लावू नये. ती भुकटीला चिकटते, भिंतीला नव्हे, आणि तसबीर खाली येते. भुकटी न लागता हात गुळगुळीत सरकला, तर तो तेलकट वा प्लास्टिक रंग होय. तेथे हल्ली मिळणाऱ्या, ओढून काढता येणाऱ्या पट्ट्यांचे हूक चालतात. भिंत कोरड्या फडक्याने व थोड्या स्पिरिटने पुसावी, हूक अर्धा मिनिट दाबून धरावा, आणि तासभराने त्यावर वजन अडकवावे. वेष्टनावर लिहिलेल्या वजनाहून अधिक भार देऊ नये व पलंगाच्या वर काचेची तसबीर लावू नये. काढताना पट्टीचे शेपूट भिंतीला समांतर, सरळ खाली, हळूहळू ताणावे. स्वतःकडे ओढले की रंग निघालाच. साधी चिकटपट्टी मात्र महिनोन्‌महिने ठेवू नये; तिचा गोंद वाळून पिवळा डाग उरतो.

तांदळाची खळ वा कणकेची चिक्की लावून चित्रे डकविण्याची आपली जुनी सवय आहे. तिला कसर लागते, पावसाळ्यात बुरशी येते. ती सोडून द्यावी.

दुसरे असे की, भिंतीखेरीज इतर आधार शोधावेत. खिडकीचे गज, दाराची चौकट, कपाटाचा माथा, पंख्यावाचून राहिलेली छताची कडी, हे सारे आपल्या सेवेस उभेच असतात. गजांना दोरी बांधून तीवर कापड वा छायाचित्रे चिमट्यांनी टांगता येतात. दोन कपाटांच्या मध्ये बांबू आडवा टाकला की, बाघची चादर त्यावर सोडता येते. ती भिंतीपासून दोन बोटे दूर असावी, म्हणजे ओल धरत नाही. मोठी तसबीर टांगलीच पाहिजे असे नाही. ट्रंकेवर स्वच्छ कापड अंथरून तिच्यावर टेकवून ठेवली, तरी ती शोभते. नाताळात गोठा टेबलावर मांडावा व तारा खिडकीच्या गजाला टांगावा.

क्रूस व पवित्र तसबिरी यांविषयी एक सूचना. आपल्या घरांत त्यांच्यापुढे मेणबत्ती वा दिवा लावण्याची रीत आहे. ज्योत भिंतीला लागून असली की, काही महिन्यांत भिंतीवर काजळीचा पट्टा उठतो, आणि सफेदीचे दोन हात दिले तरी तो पुन्हा वर येतो. दिवा भिंतीपासून हातभर पुढे ठेवावा, किंवा मागे एक फरशी वा पत्रा उभा करावा. कापड व कागद ज्योतीपासून दूर असावेत, हे निराळे सांगणे नकोच.

मालकाच्या अनुमतीने खिळा ठोकावयाचाच असेल, तर तो बारीक, पोलादी असावा. ठोकण्याच्या जागी आधी कागदी चिकटपट्टी लावावी, म्हणजे गिलावा फुटत नाही. विजेच्या बटणांच्या सरळ रेषेत, वर वा खाली, खिळा कदापि ठोकू नये. भिंतीच्या आतून तारा गेलेल्या असतात, आणि तेथे प्रश्न भिंतीचा न राहता प्राणाचा होतो. घर सोडताना खिळा उपसून भोकात पुट्टी भरावी, वाळल्यावर पॉलिश कागदाने घासावी व त्याच छटेचा रंग लावावा. दहा रुपयांच्या पुट्टीने हजारोंची अनामत वाचते. त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे, मागाहून येणाऱ्या आपल्या माणसाला त्या घरमालकाचे दार उघडे राहते. "तुमच्या गावचे लोक घर नीट ठेवतात," हे वाक्य एखाद्या मालकाने परगावी उच्चारले, तर ते त्या गावाचे भूषणच होय.

पिथमपूरच्या त्या घरी आम्ही त्याच सायंकाळी खिडकीच्या गजाला सुतळी बांधली. लग्नाची तसबीर कपाटावर टेकवली, क्रूस टेबलावरच्या लहान पाटावर उभा केला, आणि पणजीचे छायाचित्र चिमट्याने सुतळीला लावले. सारे काम वीस मिनिटांत झाले, आणि भिंतीला कोणाचा हातही लागला नाही.

ज्या मातापित्यांची मुले अशी परगावी राहतात, त्यांना माझे एवढेच सांगणे आहे. पुढच्या खेपेस लोणच्याच्या बरणीबरोबर घरातील वडीलधाऱ्यांचे एक छायाचित्र आणि एक चांगली चादर पाठवा. आणि ती ट्रंकेत न ठेवता बाहेर मांडा, असे आवर्जून कळवा.